टेपला सांगितलेलं खोटं

आमच्या घरात खोटं बोलत नसत. हे मी मिरवायला सांगत नाही. काही घरांत मांजर नसतं, तसं आमच्याकडे खोटं नव्हतं. घरात कोणाचा नकोसा फोन आला तर "बाबा बाहेर गेलेत" म्हणायची सोय नव्हती. लहानपणी मी एका विमा एजंटला सांगितलं होतं की बाबा समोरच बसलेत, पण तुमच्याशी बोलायचं त्यांच्या जिवावर आलंय. आईनं ते ऐकलं आणि एवढंच म्हणाली, की "जिवावर आलंय" हे बाबांना विचारून म्हणायला हवं होतं.

आईचं शिवणाचं दुकान आहे. घर वरच्या मजल्यावर, दुकान खाली. बायकांचे फ्रॉक, कोट, लग्नाचे झगे ती शिवते. गिऱ्हाइकानं आरशासमोर उभं राहून "कसं दिसतंय?" विचारलं की आई एक वाक्य बोलते आणि थांबते. "हा रंग तुम्हाला शोभत नाही." "ही फॅशन वीस वर्षांच्या मुलीची आहे." पहिल्यांदा आलेल्या बायका रागावून जातात आणि महिन्याभरात परत येतात, कारण आई "छान" म्हणाली तर ते छान असतं. गावात दुसरीकडे सगळ्यांनाच सगळंच छान दिसतं.

या कडक कारभारात एकच पळवाट होती आणि ती बाबांनी शोधलेली. बाबा गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो तसा बाबांच्या पायाशीही एक असतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आई केस कापून आली आणि तिनं कसे दिसतात म्हणून विचारलं. बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सांगणार नाही." आईनं हे तोलून पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. तेव्हापासून घरात तो नियमच झाला. उत्तर द्यायचं तर खरं द्यायचं, नाही तर सरळ "सांगणार नाही" म्हणायचं. तिसरा रस्ता नाही.

माझ्या नवऱ्याला हे समजायला वेळ लागला. त्याच्या घरी "निघालोच" याचा अर्थ "अंघोळीला चाललो" असा असतो, आणि सगळ्यांना तो माहीत असल्यामुळे कोणी फसत नाही. लग्नानंतर आम्ही आईबाबांच्या शेजारचंच घर घेतलं आणि संध्याकाळी एकत्र जेवायचं ठरलं. पहिल्या दिवशी त्यानं आईच्या सूपला अप्रतिम म्हटलं. आई म्हणाली, "मीठ जास्त झालंय जावईबापू, तुम्हाला कळलं नसेल तर जीभ तपासून घ्या." माझ्या धाकट्या भावाची गोष्ट आणखी वेगळी. तो जाहिराती लिहितो. त्या धंद्यात राहून आईच्या हातचं जेवायचं म्हणजे कसरत आहे. त्यानं आजवर "सर्वोत्तम" हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. त्याची एक शाम्पूची जाहिरात गाजली, तिच्यात फक्त "केस धुतो" एवढंच होतं. कंपनीला वाटलं ही नवी शैली आहे.

आता मावशीबद्दल.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघी एकाच घरात, चर्चमध्ये (आम्ही त्याला देऊळच म्हणतो) एकाच बाकावर बसून प्रार्थना करत वाढल्या. मावशीचं लग्न ठरलं तेव्हा झगा आईनंच शिवायचा हे उघडच होतं. माप घेताना मावशीनं पोट आत ओढलं आणि श्वास रोखून उभी राहिली. लग्नाच्या सकाळी पाठीची बटणं लागेनात. खोलीत नवऱ्या मुलाच्या आत्या, मावश्या, मैत्रिणी, आणि फुलांची टोपली धरून मी. मावशी रडकुंडीला येऊन म्हणाली, ताईनं झगा चुकीचा शिवलाय. आई म्हणाली, "झगा बरोबर आहे. तू टेपला खोटं सांगितलंस." आणि थांबली.

खोलीत कोणीतरी हसलं. मावशीनं झगा उतरवला. एका चुलतबहिणीचा मापाला मोठा झगा, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आलेल्या, तसा घालून ती वेदीसमोर उभी राहिली. त्या दिवसापासून दोघी बोलल्या नाहीत. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. आम्ही मुलं मोठी झालो, लग्नं झाली, तरी तेच.

आई रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत तिची आठवण काढते. शब्द ठरलेले: "आणि प्रभू, माझ्या बहिणीचं मन मऊ कर." मी आणि धाकटा हे वाक्य ऐकतच वाढलो. तिथं पोचलं की आमेन जवळ आलं असं आम्हाला कळायचं आणि आम्ही चमचे हातात घ्यायचो.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. विहिरींचं, टाक्यांचं, शाळांचं पाणी येतं, त्यात कोणते जंतू वाढतात ते आम्ही बघतो. गेल्या वर्षी एक बाई सरबताच्या बाटलीत पाणी घेऊन आली. मी तिला सांगितलं की असं चालणार नाही, बाटली आम्ही देऊ ती निर्जंतुक केलेली हवी, यात तुमच्या टाकीपेक्षा सरबताबद्दलच जास्त कळेल. बाई म्हणाली, "बाटली मी उकळून घेतलीय." मी म्हटलं, प्लास्टिकची बाटली उकळली असती तर तिचा आकार असा राहिला नसता. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू ताईची मुलगी. एवढं टोचून खरं बोलणारं दुसरं घर मला माहीत नाही."

मावशी लहान मुलांची शाळा चालवत होती. आम्ही प्रयोगशाळेसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला लागलो, महिन्यातून एकदा, मग दोनदा. तिनं देव सोडला नव्हता, बाक तेवढा बदलला होता. नदीपलीकडच्या देवळात ती खांबामागे बसायची. तिला हसायला आवडायचं आणि ती छोट्या छोट्या थापा मारायची, त्या कोणालाही लागणार नाहीत अशा. वेटरला सांगायची की तिचा आज वाढदिवस आहे. आईबद्दल मात्र तिनं कधी थाप मारली नाही. तिनं आईबद्दल काही विचारलंही नाही. फक्त एकदा म्हणाली, "ती अजून दातात टाचण्या धरून बोलते का?"

आईबाबांच्या लग्नाचा मोठा वाढदिवस जवळ आला. उपासनेनंतर देवळामागच्या खोलीत जेवण करायचं ठरलं. मी मावशीला बोलावलं. तिनं चहात साखर घालून ती बराच वेळ ढवळली आणि अट सांगितली.

"तिला आधी कळता कामा नये. कळलं तर ती तयारी करेल. तुझी आई तयारीला लागली की माफीसुद्धा मापात शिवून, इस्त्री करून आणते. मला तसली नको."

मी कबूल केलं. त्या दिवशी घरी येताना मला कळलं की मी काय कबूल करून बसलेय. आमच्या घरात एखादी गोष्ट लपवायची होती, आणि लपवायची पद्धतच आम्हाला कोणी शिकवली नव्हती.

घरातल्यांना विश्वासात घेणं भाग होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येऊ दे तिला." धाकट्यानं शंका काढली की अचानक धक्का देणं हेच एक प्रकारचं खोटं नाही का. नवरा म्हणाला की तो आमच्या घराण्यात आला तेव्हापासून पहिल्यांदाच त्याच्या कौशल्याची गरज पडलेली दिसते, त्यानं एक-दोन थापा मारल्या तर चालतील का. आम्ही तिघं एकदम नाही म्हणालो. शेवटी मी देवळाच्या पाळकांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, गप्प राहणं हे खोटं नव्हे, गप्प राहून कोणाचं नुकसान करणं ते खोटं. मग घाईघाईनं पुढे म्हणाले, "पण कोण येणार ते मला सांगू नका. तुमच्या आई मंगळवारी पडद्यांची मापं घ्यायला येतायत."

तो आठवडा मी विसरणार नाही.

आईला रविवारचं जेवण माहीत होतं, पाहुणे माहीत नव्हते. सोमवारी तिनं सहज विचारलं, कोण कोण येणार. मी म्हटलं, सांगणार नाही. तिनं मान हलवली आणि सूप वाढलं. मंगळवारी तिनं विचारलं, केक मोठा आहे का. बाबा म्हणाले, मोठा आहे, दोन मजली. बाबांच्या बाजूचं कोणी येतंय का? धाकटा म्हणाला, नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकांपैकी कोणी? नवरा म्हणाला, दोघी. मग आईनं विचारलं, आणि माझ्या बाजूचं? चौघं एकदम म्हणालो, सांगणार नाही.

मी चमचा खाली ठेवला. आमच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या दहा ताटल्या ठेवल्या आणि नऊ स्वच्छ निघाल्या, तर दहावीकडे बघायला भिंग लागत नाही. ज्या घरात कोणी खोटं बोलत नाही तिथं गप्प राहणं हेच उत्तर असतं. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं, मला त्याचाच पगार मिळतो.

त्या संध्याकाळी गॅलरीत बैठक झाली. उपाय बाबांनी काढला. ते म्हणाले, एकाच प्रश्नाला ब्रेक लावला की शिकणाऱ्याला कळतं की खड्डा तिथं आहे. म्हणून आता सगळीकडे ब्रेक लावायचा. रविवारपर्यंत आईच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर.

बुधवारी सकाळी आईनं विचारलं, दूध आलं का. बाबा म्हणाले, सांगणार नाही. आईनं दार उघडलं, दूध घेतलं आणि बाबांकडे बघत ते तापायला ठेवलं. मीठ कुठे गेलं, सांगणार नाही. पाऊस पडतोय का, सांगणार नाही. धाकट्यानं एकदा शिंक दिली, आईनं सर्दी झालीय का विचारलं, तर त्यानं नाक पुसत तेच सांगितलं. सगळ्यात जास्त मजा नवऱ्याला येत होती. खोटं न बोलताही इतकं लपवता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. गुरुवारी तो उतरलेल्या चेहऱ्यानं घरी आला. ऑफिसात साहेबांनी हिशेब कुठवर आला म्हणून विचारलं होतं आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं होतं. दुकानाचा फोन बाबांनी उचलला, एका बाईंनी विचारलं माझा कोट झाला का. बाबांनी फोन ठेवल्यावर त्या बाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. आईनं त्यांना कोट दिला आणि म्हणाली, "माझ्या घरात साथ आलीय. फोनवर चौकशी करू नका."

शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो. आईनं हात जोडले. अन्नाबद्दल आभार मानले, बाबांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली, धाकट्याला सुबुद्धी मागितली. चमचे हातात घ्यायची वेळ झाली.

"आणि प्रभू, आमची मनं मऊ कर. आमेन."

धाकट्याच्या चमच्यानं आधीच सूप उचललं होतं, ते तसंच राहिलं. मी आईकडे बघितलं. ती ब्रेड कापत होती. आमच्या आयुष्यात ते वाक्य कधी बदललं नव्हतं. आधी ते एकीचं मन होतं, आता अचानक दोघींची मनं झाली होती.

भांडी धुताना मी तिला विचारलं, "आई, तुला काही कळलंय का?"

तिनं बशी पुसली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "सांगणार नाही."

तिला काही माहीत नसतं तर ती "नाही" म्हणाली असती.

आता माझी पंचाईत अशी होती की मावशीची अट मोडली होती आणि ते मला माहीत होतं. मी गप्प राहिले असते तर मावशी रविवारी नक्की आली असती. नवऱ्याचं मत तेच पडलं. मी काही सांगितलं नाही तर ते खोटं कसं, पाळकांनीच सांगितलंय, असा त्यानं युक्तिवाद केला. तो चुकीचा नव्हता. पण मावशी माझ्या भरवशावर येणार होती. तिला एका गोष्टीची खात्री हवी होती आणि ती खात्री आता माझ्याजवळ नव्हती. शनिवारी दुपारी मी तिला फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं.

"मग अट मोडली," मावशी म्हणाली.

मी हो म्हटलं.

तिनं विचारलं, कोणी फोडलं. मी दुधाची, मिठाची, शिंकेची सगळी कहाणी सांगितली. ती इतकी हसली की तिला खोकला आला. मग तिनं विचारलं की आईला कळलं हे मला कसं कळलं. मी प्रार्थनेचं सांगितलं.

"ती माझ्यासाठी प्रार्थना करते?"

"रोज. मला आठवतंय तेव्हापासून."

"काय म्हणते?"

"'माझ्या बहिणीचं मन मऊ कर.'"

"माझंच का म्हणून," मावशी म्हणाली. मला तिच्या आवाजात वीस वर्षांची मुलगी ऐकू आली.

"काल 'आमची मनं' म्हणाली."

पलीकडे शाळेची मुलं ओरडत होती. मावशीनं कोणाला तरी डबा बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, बघते, आणि फोन ठेवला. बघते म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणी सांगू शकलं नसतं. आमच्याकडे तो शब्दच वापरत नाहीत.

रविवारी उपासना संपली. मी दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होते. पाळकांनी आईबाबांना पुढे बोलावून आशीर्वाद दिला आणि बाबांनी आईचा हात धरला, तो सोडायचं विसरले. मागच्या खोलीत टेबलं लावली होती. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या एका बाईंनी तोच कोट घातला होता. बाबांचे दोन जुने विद्यार्थी गाडी नीट लावून आले होते. आईनं स्वतः ताटं मांडली. मी मोजली नाहीत, पण बाबांच्या समोरच्या खुर्चीपुढे एक ताट होतं आणि तिथं बसणारं कोणी नव्हतं. आईनं त्या ताटाशेजारचा चमचा दोनदा सरळ केला.

पाळकांनी जेवणाची प्रार्थना करायची का म्हणून विचारलं. आई म्हणाली, जरा थांबू. सूप निवत होतं. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू तिला नसतं सांगितलंस तर." मी म्हटलं, हो. मला तेव्हा बरं वाटत नव्हतं, पण दुसरं काही करता आलं असतं असंही वाटत नव्हतं.

आणि मावशी दारात उभी राहिली. केस रंगवलेले, ओठ लाल, हातात कापडी पिशवी. खोलीतल्या बोलण्याचा आवाज एकेका टेबलावरून उतरत गेला.

मावशी सरळ आईपर्यंत आली. "आश्चर्य वाटलं?"

"नाही," आई म्हणाली.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

"मंगळवारपासून माहीत आहे," आई म्हणाली. "तेव्हापासून काय बोलायचं ते ठरवत होते. काही ठरलं नाही."

मावशी थोडी हसली. मग तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली, खांदे ताठ केले आणि जी गोष्ट तिनं विचारू नये म्हणून आम्ही सगळे मनात देवाचा धावा करत होतो, तीच विचारली.

"कशी दिसते मी?"

आईनं तिच्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघते तसं: खांदा, कंबर, खाली झग्याची कड, पुन्हा खांदा.

"जाडी झालीस," आई म्हणाली.

टेबलाखाली बाबांचा उजवा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला, गाडीत जिथं ब्रेक असतो तिथं.

पण आई थांबली नाही. "आणि हसलीस की आपल्या आईसारखी दिसतेस. मला वाटलं होतं, तो चेहरा आता कधी दिसायचा नाही."

मावशीच्या गालावरचा रंग बदलला. तिनं पिशवीतून पांढरा झगा काढला. कापड पिवळसर झालं होतं. तिनं तो उलटा करून बाजूची शिवण आईसमोर धरली. शिवण एका ठिकाणी उसवलेली होती आणि आत दुमडलेलं कापड दिसत होतं, दोन बोटं रुंद, वरपासून खालपर्यंत.

"लग्नानंतर उसवून बघितलं," मावशी म्हणाली. "कापड होतं आत, ताई. सोडता आलं असतं."

"हो. अर्ध्या तासाचं काम होतं."

"तुला माहीत होतं."

"मीच ठेवलं होतं. तू मापाला श्वास धरतेस हे मला तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून माहीत आहे. म्हणून तर ठेवलं होतं."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

आई झग्याकडे बघत होती. तिचा अंगठा त्या दुमडीवरून आपोआप फिरत होता, कापडाचा पोत तपासावा तसा.

"तू सगळ्यांसमोर म्हणालीस की मी चुकीचा शिवलाय. मला राग आला. मग जे खरं होतं त्यातलं मला सोयीचं तेवढं बोलले आणि उरलेलं शिवणीत ठेवलं." तिनं वर बघितलं. "एवढी वर्षं मी म्हणत होते की मी खोटं बोलले नाही. बोलले होते. माझं चुकलं."

तयारी केलेली माफी अशी नसते. आईची वाक्यं सहसा कडेला इतकी सुटी सुटी नसतात.

मावशीनं ओठ घट्ट मिटले, मग नाकातल्या नाकात हसली. "मी श्वास धरला होता."

"माहीत आहे."

"अजूनही धरते. डॉक्टरकडे वजन करताना सुद्धा."

"तिथं उपयोग होत नाही," मी म्हटलं. मला राहवलं नाही. "वजनावर श्वासाचा परिणाम होत नाही."

दोघी बहिणी एकदम माझ्याकडे वळल्या, एकाच चेहऱ्यानं, आणि मला कळलं की आता गप्प बसायचं. पाळकांनी ती संधी साधून प्रार्थना सुरू केली. बाबांनी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं.

जेवताना मावशीनं कोटवाल्या बाईंना सांगितलं की आज तिचा वाढदिवस आहे. आईनं लगेच त्या बाईंना खरी तारीख सांगितली. मावशी म्हणाली, बारा महिने वाट बघायचा कंटाळा येतो, म्हणून मी वाढदिवस वाटून घेते. धाकट्यानं ते वाक्य लक्षात ठेवलं, एखाद्या केकच्या जाहिरातीत येईल. आईनं केकचा मोठा तुकडा मावशीच्या ताटात ठेवला.

टेबलं आवरायची वेळ आली तेव्हा मावशीनं झगा पुन्हा उचलला आणि विचारलं की याचं आता काही होईल का. आईनं तो उजेडात धरला.

"तुझ्या अंगाला बसणार नाही. आतलं सगळं कापड सोडलं तरी."

मी श्वास धरला. आईचं पहिलं वाक्य संपलं होतं.

"बाजूंना नवी पट्टी जोडू," आई म्हणाली. "दुसऱ्या कापडाची. जोड दिसेल, पण छान दिसेल. उभी राहा."

तिनं पर्समधून टेप काढली. आई देवळातही टेप घेऊन जाते, हे मला नवीन नव्हतं. मावशी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि सवयीनं तिचं पोट आत गेलं.

"सोड," आई म्हणाली.

"सोडलंय."

"टेपला कळतं."

मावशीनं श्वास सोडला. तो इतका लांब होता की कोटवाल्या बाईंनीही सोडला, आणि बाबांनीही. आईनं टेप तिच्या कमरेभोवती घेतली, आतून स्वतःची दोन बोटं सरकवली आणि मगच आकडा बघितला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. बोटं मात्र तिनं काढली नाहीत.

नवऱ्याला कधी कुठं काय विचारावं हे अजून समजत नाही. तो ताटांचा ढीग हातात घेऊन जाता जाता म्हणाला, "किती भरलं, आई?"

दोघी एकदम म्हणाल्या, "सांगणार नाही."